राहिलेली दोन अक्षरं

शेवरगव्हाणात गेल्या चव्वेचाळीस वर्षांत जेवढं लेखन झालं, त्यातलं निम्म्याहून जास्त ज्ञानदेव मखरे यांनी केलं आहे. ते सगळं तांब्या-पितळेवर आणि स्टीलवर आहे, एका ओळीत संपणारं आहे, आणि लग्न व मरण यांपलीकडे त्याला तिसरा विषय नाही. तरी वाचकवर्ग मोठा. पाणी पिताना माणूस डोळ्यांसमोर जे येईल ते वाचतो.

ज्ञानदेव भांड्यांवर नावं घालतात. गुडघ्यांत भांडं, डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात बोटभर हातोडी. टिंबाला टिंब लागून रेघ होते आणि रेघांचं अक्षर. मुलगा बुद्धघोष पुण्यात नोकरीला आहे. त्यानं वडिलांसाठी करंटवर चालणारं मशीन आणून दिलं होतं. ते गुर्र करतं आणि अक्षर हाताबाहेर पळतं, या दोन कारणांसाठी ते फडताळात आहे. ज्ञानदेवांच्या आजोबांना गावातल्या भांड्याला हात लावायची मुभा नव्हती. आज ज्ञानदेवांच्या दोन गुडघ्यांमधून गेल्याशिवाय गावातलं भांडं नवरीच्या घरी जात नाही. पुढं गावात महोत्सव झाला, त्यानिमित्त गावाच्या इतिहासाची पुस्तिका निघाली, तिच्यात हे आलेलं नाही. पुस्तिका सोळाच पानांची होती.

या धंद्यात घालता येतं, काढता येत नाही. त्यामुळे ज्ञानदेवांचे दोन नेम. एक, हात उचलायच्या आधी अख्खी ओळ मनात पुरी करायची. दुसरा, नावाआधी ‘कै.’ लावायचं असेल तर गिऱ्हाइकाला दोनदा विचारायचं. हा दुसरा नेम बिरूमुळे आला. बिरू मेंढरं राखायचा. त्याला बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि डॉक्टरांनी मान हलवली होती, तेव्हा पोरांनी वेळेची बचत म्हणून तांब्या आधीच करून घेतला. चौथ्या दिवशी बिरू चालत घरी आला. पुढं नऊ वर्षं तो त्याच तांब्यानं पाणी प्यायला. पाहुण्याला पाणी देताना अक्षरांची बाजू त्याच्याकडं करायचा आणि म्हणायचा, “वाचा, मी कोन हाय.” चूक पोरांची होती, पण अक्षर ज्ञानदेवांचं होतं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग गावानं साहित्य महोत्सव भरवायचं ठरवलं.

कल्पना संभाजीरावांची. ते माजी सरपंच, आणि माजी झाल्यापासून त्यांना बसून राहवत नाही. शेजारच्या एका गावात बैलगाडा शर्यत होते, दुसऱ्यात कृषी प्रदर्शन भरतं. आपल्याकडं काय आहे? आपल्याकडं अर्धी वेस आहे, पाणी असलेली बारव आहे आणि मारुतीच्या देवळामागं अकरा वीरगळ आहेत. म्हणजे इतिहास आहे. इतिहास आहे तिथं साहित्य पाहिजे, असा त्यांचा हिशेब. ग्रामसभेत साहित्य म्हणजे नेमकं काय यावर चर्चा झाली. मंडपाचं साहित्य, असा एक प्रबळ मतप्रवाह होता आणि शेवटपर्यंत तो पूर्णपणे हटला नाही. ठराव मात्र एकमतानं मंजूर झाला. उसाची तोड चालू होती, लोकांना घरी जायचं होतं.

उद्घाटनाला पुण्याचे ज्येष्ठ कादंबरीकार राम निरगुडे ठरले. वय ब्याऐंशी. त्यांची एकही कादंबरी गावात कुणी वाचलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या नावाला विरोध झाला नाही.

संभाजीरावांचा पुतण्या ऋषिराज इंजिनियर आहे आणि गावातला सगळा मजकूर त्याच्या मोबाईलवर तयार होतो. त्यानं वेशीवर फ्लेक्स लावला. निरगुड्यांचा नेटवर मिळालेला फोटो काळापांढरा होता. भोवती शोभेला झेंडूची वेल टाकली. खाली, भारदस्त वाटतं म्हणून, ‘विनम्र अभिवादन’ लिहिलं. ज्ञानदेव रोज त्या फ्लेक्सखालून जात. गावात झेंडूच्या वेलीतला काळापांढरा फोटो कुणाचा असतो आणि विनम्र अभिवादन कुणाला करतात, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. ज्ञानदेवांनी एकदा चपला काढून हातही जोडले.

शनिवारी सकाळी संभाजीरावांनी तांब्याची नवी कोरी कळशी आणि निमंत्रणपत्रिका आणून ओट्यावर ठेवली.

“ज्ञानदेवा, हे निरगुडे सायबांचं स्मृतिचिन्ह. नाव पत्रिकेतलं बघून घाल.”

“मजकूर?”

“तुला काय मजकूर सांगायचा? हयात गेली तुजी.”

आणि मोटारसायकल गेली. ज्ञानदेवांनी कळशी फिरवून पाहिली, पत्रिकेतली नावाची तेवढी ओळ वाचली. स्मृतिचिन्ह म्हटल्यावर मजकुराचा प्रश्नच नव्हता. प्रश्न फक्त दुसऱ्या नेमाचा होता. त्यांनी फोन लावला. संभाजीराव तेव्हा मंडपात, चालू जनरेटरच्या शेजारी उभे होते.

“आबा, कै. घालायचं का?”

“काय घालायचं ते घाल, पर सांजच्याला पायजे मला!”

“तसं न्हवं. कै. घालू का?”

“अरं काय बी घाल की मर्दा!”

दोनदा विचारून झालं होतं. नेम पाळला गेला होता. तरी त्यांनी ‘कै.’ घातलं नाही, कारण पत्रिकेत ‘ज्येष्ठ कादंबरीकार’ एवढं आधीच होतं आणि आणखी पुढं काही लावलं असतं तर ओळ कळशीच्या पोटाला वळसा घालून मागं गेली असती. निव्वळ जागेअभावी. संध्याकाळपर्यंत कळशीवर ठसठशीत अक्षरं उमटली:

ज्येष्ठ कादंबरीकार राम निरगुडे यांच्या स्मरणार्थ – समस्त ग्रामस्थ, शेवरगव्हाण.

बचत गटाची मोना ती घेऊन गेली. पॅकिंग तिच्याकडं होतं.

रविवारी सकाळी नऊला ज्ञानदेव दारात चहा घेत बसले होते. देवळावरच्या कर्ण्यातून ऋषिराजचा आवाज आला.

“आजचे उद्घाटक, ज्येष्ठ कादंबरीकार राम निरगुडेसाहेब बारामतीत पोचलेले असून, साडेधापर्यंत आपल्या गावात त्यांचं आगमन होत आहे.”

कप ओठापर्यंत गेला आणि थांबला.

“तुळसा, ऐकलंस का? कोन पोचलंय म्हनला?”

“निरगुडे म्हनला की,” आतून तुळसाबाई म्हणाल्या.

“त्येंचा पोरगा आसंल.”

“आसंल की.”

कर्णा पुन्हा खरखरला. “ताजी माहिती. साहेबांनी बारामतीत इडली घेतलेली असून, गाडी निघालेली आहे.”

माणूस हयात असल्याचा दाखला तलाठ्याकडूनही इतका स्पष्ट मिळत नाही. ज्ञानदेवांनी कप खाली ठेवला. उठले, बसले, पुन्हा उठले.

“अवो, काय झालं?”

“जित्या मानसाचं स्मरणार्थ घातलंय मी.”

तुळसाबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांत त्यांच्या चुकीनं असं झालं नव्हतं, आणि झालं ते अख्ख्या तालुक्यासमोर, शालीसकट.

“ब्याऐंशीचं हाय ते मानूस,” ज्ञानदेव म्हणाले. “फोटो बघितलास न्हवं? असल्या वयात असलं हातात द्यायचं? कायतरी इपरीत झालं म्हंजी?”

“बिरूला काय झालं? नऊ वर्सं जगला.”

“बिरू मेंढक्या हुता. हे लिवनारं मानूस हाय. ह्येंच्या मनाला लागतंय.”

त्यांनी छिन्नी आणि हातोडी पिशवीत टाकली आणि निघाले. वाटेत ग्रंथदिंडी आडवी आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पालखी, पालखीत ग्रंथ. गावात ग्रंथ कमी भरले म्हणून खालच्या थरात साखर कारखान्याचे वार्षिक अहवाल रचले होते. या मुलखात एवढ्या चिकाटीनं वाचलं जाणारं दुसरं पुस्तक नाही, तेव्हा निवड चुकली असं म्हणता येत नाही. दिंडीतल्या दोघातिघांनी “चला की तात्या” म्हणून हाक मारली. ज्ञानदेवांनी मान हलवली आणि ट्रॉलीच्या उलट्या बाजूनं मंडप गाठला.

मंडप बारवेच्या शेजारी होता. स्टेजच्या मागं मोना टेबलावर शाली मोजत होती. कळशी सोनेरी कागदात गुंडाळलेली, वर लाल फीत.

“मोना, ती सोड जरा.”

“का वो तात्या? चार पट्ट्या चिकटवल्यात मी.”

आता खरं सांगावं तर गावभर होणार होतं, आणि खोटं सांगायचं तर तेही अक्षराच्या चुकीचंच असायला हवं होतं, नाहीतर पटणार नव्हतं. ज्ञानदेवांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या अक्षराची बदनामी केली.

“एक काना ऱ्हायलाय.”

मोनाच्या हातातली शाल खाली आली. “तुमचा? काना?”

“वय झालं आता.”

तिनं फीत सोडली. ज्ञानदेव कळशी घेऊन पडद्यामागं पोत्यावर बसेपर्यंत बचत गटाच्या अकरा बायकांना कळलं होतं की तात्यांचा काना राहिला.

बाहेर गाडी आली, तुतारी वाजली. पडद्याच्या फटीतून ज्ञानदेवांनी निरगुड्यांना पाहिलं. बारीक, ताठ, हातात काठी, पण काठी टेकत नव्हते. फोटोपेक्षा जिवंत माणूस तरुण दिसतो, असं क्वचित होतं.

कळशी गुडघ्यांत होती. ‘स्मरणार्थ’ समोर चमकत होतं. ठोकून सपाट करावं तर तांब्यावर खड्डा पडेल. ‘सन्मानार्थ’ करावं तर अक्षरं जुळत नाहीत. काढता येत नाही. घालता येतं. काय घालता येईल, एवढंच हातात होतं. ज्ञानदेवांना तिसरीतले गुरुजी आठवले. शब्द गाळला की ते दोन शब्दांच्या मधोमध खाली एक टोपी काढत आणि राहिलेला शब्द वर लिहीत, लाल शाईनं, आणि पोराला पाठीत एक देत. छापखान्यात त्या खुणेला काकपद म्हणतात. ज्ञानदेवांना नाव माहीत नव्हतं, खूण आणि धपाटा दोन्ही लक्षात होते.

‘यांच्या’ आणि ‘स्मरणार्थ’ यांच्यामध्ये त्यांनी छिन्नी टेकली. टोपी काढली. वरच्या मोकळ्या जागेत घालायचा शब्द मनात पुरा केला: गावभेटीच्या. यांच्या गावभेटीच्या स्मरणार्थ. म्हणजे भेट होऊन गेली, माणूस नाही. पाच अक्षरं. एका अक्षराला चार मिनिटं.

तिकडं संभाजीराव प्रास्ताविकाला उभे राहिले. त्यांचं प्रास्ताविक यादवांच्या काळापासून सुरू होतं आणि तालुक्यात प्रसिद्ध आहे. ते लवकर संपावं म्हणून लोक कायम मनातल्या मनात प्रार्थना करतात. त्या दिवशी ते लांबावं असं वाटणारा मंडपात एकच माणूस होता आणि तो पडद्यामागं पोत्यावर बसला होता.

टिक. टिक. टिक. टिक.

‘गा’ झाला. संभाजीराव वेशीपर्यंत आले होते. ‘व’ झाला. ते वीरगळांकडं वळले. अकरा दगडांवर वीर आहेत, घोडे आहेत, चंद्रसूर्य आहेत, पण नाव एकाचंही नाही, असं त्यांनी खेदानं सांगितलं. ज्ञानदेवांचा हात क्षणभर थांबला. त्या दगडांशेजारून जाताना हे त्यांनाही नेहमी खटकायचं, पण गिऱ्हाईक उरलेलं नसल्यानं इलाज नव्हता. ‘भे’ला सुरुवात झाली.

स्टेजवरचा माईक नवा होता आणि कानाला तिखट होता. टिकटिक मंडपभर ऐकू जाऊ लागली. संभाजीरावांनी एकदा मागं पाहिलं. माईकवर बोटानं ठक ठक केलं. पुढचं वाक्य बोलले, पुन्हा टिकटिक.

“ए, ते घड्याळ काडा कुनीतरी,” ते माईकमधूनच म्हणाले. लोक हसले. हसल्यावर यादव टिकत नाहीत. संभाजीरावांनी तीनशे वर्षं एकदम ओलांडली आणि “जास्त वेळ न घेता” म्हणाले. पंचेचाळीस मिनिटांचं प्रास्ताविक चौदा मिनिटांत संपलं. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

ज्ञानदेवांच्याच हातोडीनं ज्ञानदेवांचा वेळ खाल्ला होता.

“तात्या, द्या लवकर!” ऋषिराज पडद्यातून आत घुसला.

“दोन अक्षरं ऱ्हायल्यात.”

“काना ऱ्हायला म्हनत हुत्या मोनाकाकू.”

“थांब की रं!”

“साहेब उभं ऱ्हायल्यात तात्या, शाल घालून झाली, नारळ दिला!” आणि ऋषिराजनं कळशी काखोटीला मारून नेली. सोनेरी कागद तिथंच राहिला.

स्मृतिचिन्ह देताना एक पद्धत असते. देणारा आणि घेणारा दोघंही ते धरतात, दोघंही कॅमेऱ्याकडं बघतात, आणि त्यावर काय लिहिलंय ते दोघंही बघत नाहीत. ज्ञानदेवांचा सगळा भरवसा आता या पद्धतीवर होता. फोटो निघाला. निरगुड्यांनी खिशातून चष्मा काढला. तो डोळ्यांवर चढवला. आणि भर स्टेजवर, ब्याऐंशी वर्षांच्या सवयीनं, ते कळशी वाचू लागले. त्यांचे ओठ हलत होते. एका ठिकाणी ओठ थांबले, मागं गेले, पुन्हा तिथंच आले.

“हे कुणी लिहिलं?”

“समस्त ग्रामस्थांनी, सर,” ऋषिराज म्हणाला.

“समस्त ग्रामस्थ असं बसून लिहीत नाहीत. माणूस कोण?”

पडदा हलला. ज्ञानदेव छिन्नी हातात घेऊनच बाहेर आले आणि स्टेजच्या कडेला उभे राहिले. निरगुडे काठी न टेकता त्यांच्यापर्यंत गेले. माईक दूर होता. पुढच्या रांगेला फक्त दोन म्हातारे एका कळशीवर वाकलेले दिसले.

“तुमचं नाव?”

“ज्ञानदेव मखरे.”

“ज्ञानदेवराव, मी जिवंत आहे हे तुम्हाला कधी कळलं?”

“इडलीच्या टायमाला.”

निरगुड्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “बरं. आणि हे वर ‘गावभे’ काय आहे?”

“गावभेटीच्या. टी आनि च्या ऱ्हायलं. आबांनी भाषान उरकतं घेतलं.” ज्ञानदेवांनी छिन्नीच्या टोकानं ओळ दाखवली. “यांच्या गावभेटीच्या स्मरणार्थ. आसं झालं म्हंजी मग मानूस गेल्याला ऱ्हात न्हाय. माजी चूक झाली, सायेब. फोटो काळा हुता, झेंडूत हुता. पर इचारायला पायजे हुतं. दोनदा इचारलं, तरी बी चुकलं.”

“आणि ही खूण? ही कुणी शिकवली?”

“तिसरीत. गुर्जींनी. पाठीत घालून.”

निरगुड्यांनी त्या टोपीवरून अंगठा फिरवला. कडा अजून बोचत होती.

“आठ मिंटं द्या,” ज्ञानदेव म्हणाले. “हितंच बसतो, घालतो, आनि देतो.”

“नको. घाई करू नका. घाईत अक्षर बिघडतं.” निरगुड्यांनी कळशी त्यांच्या हातात परत दिली. “सावकाश पुरं करा. मी पुढच्या वर्षी येऊन नेतो. हल्ली पुढच्या वर्षीचं माझ्याशी कुणी काही ठरवत नाही.”

मग ते माईककडं गेले आणि पाऊण तास बोलले. भाषण चांगलं झालं असं वर्तमानपत्रात आलं. ज्ञानदेवांना त्यातलं एक वाक्यही सांगता येणार नाही. ते पडद्यामागं कळशी गुडघ्यांत धरून बसले होते आणि हातोडी पिशवीत होती.

त्याला आता अकरा महिने झाले. कळशी फडताळात आहे, बुद्धघोषच्या मशीनशेजारी, जुन्या धोतरात गुंडाळलेली. टी आणि च्या अजून राहिलेत. संभाजीराव दोनदा येऊन गेले.

“अरं, आठ मिंटाचं काम. पुरं कर, कुरियरनं धाडून देऊ. मोकळं व्हऊ.”

“येऊन नेनार हायत ते.”

“म्हनत्यात तसं समदीच.”

“ह्यांनी सांगितलंय मला.”

संभाजीरावांना वाटतं, म्हातारा हट्टाला पेटला. तसं नाही. ज्ञानदेवांनी आठवड्यातून एखाद्या दिवशी धोतर सोडलेलं असतं, छिन्नी ‘भे’च्या पुढं टेकवलेली असते आणि हातोडी उचललेली असते. मग ते ती खाली ठेवतात. अक्षरं पुरी झाली की काम संपलं. काम संपलं की कुणी न्यायला यायची गरज उरत नाही. आणि अर्धवट टाकून ठेवावं तर ती कळशी धोतराच्या आतून ‘स्मरणार्थ’ म्हणत राहते. दोन्हीकडून जीव अडकलेला. चव्वेचाळीस वर्षांत एक काम बाकी राहिलं नव्हतं, ते आता घरात आहे. ज्ञानदेवांना पहिल्यासारखी झोप लागत नाही, जेवताना उठून ते फडताळाकडं बघून येतात. गिऱ्हाइकं कमी झालेली नाहीत. ‘कै.’ असेल तर आता ते तीनदा विचारतात आणि एकदा स्वतः जाऊन बघून येतात.

आणि पेपर. आयुष्यात पेपर न घेणारा माणूस आता रोज सकाळी स्टँडवर जातो, पेपर घेतो, आणि तिथंच उभ्यानं आतलं पान काढतो. बारीक टायपातली निधनवार्ता बोट फिरवून वाचतो. पुण्याची आधी, मग बाकीची. मग घडी घालतो. पहिल्या पानावर काय आहे ते त्याला माहीत नसतं.

परवा ऋषिराज दुसऱ्या महोत्सवाची पत्रिका दाखवायला आला. यंदा फोटो रंगीत घेतला होता. निरगुड्यांच्या नावापुढं कंसात ‘प्रकृतीनुसार’ असं होतं.

“म्हंजी काय?” ज्ञानदेवांनी विचारलं.

“म्हंजी येतील, तात्या. तब्येत बघून.”

“येतील म्हनला का बघतो म्हनला?”

“बघतो म्हनले. पर कळशी झाली का, आसं इचारत हुते.”

“तू काय सांगितलंस?”

“न्हाय झाली म्हनलं. मग काय म्हनू?”

“आनि ते काय म्हनले?”

“बरं झालं म्हनले.”

ज्ञानदेवांनी पत्रिका हातात फिरवली, परत दिली, पुन्हा मागून घेतली आणि तो कंस पुन्हा वाचला.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा अर्धा तास आधी स्टँडवर होते. पेपरची गाडी आली नव्हती. वेशीपर्यंत गेले, परत आले, बारवेला एक फेरी घातली. गाडी आली. गठ्ठ्याची दोरी सुटायच्या आधीच त्यांनी वरचा पेपर ओढला.

घरी तुळसाबाई दारातच उभ्या होत्या.

“हायत का सायेब?”

“हायत.”

आणि ते आत जाऊन फडताळ उघडून, धोतर सोडून, ‘भे’च्या पुढची मोकळी जागा पुसायला बसले. दोन अक्षरांपुरती. जागा स्वच्छच होती.